धाराशिव जिल्ह्यातील घराबाहेरील वीजवायरिंग आणि सुरक्षिततेचे निकष : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप (इ. स. १९५६ ते २०२३)

सारांश

घराच्या आतील वायरिंगपेक्षा घराबाहेरील वायर लवकर जीर्ण होते. ती ऊन, पाऊस आणि वारा सोसते, आणि तिच्याकडे लक्ष मात्र सर्वांत कमी जाते. प्रस्तुत शोधनिबंधात धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या संदर्भात अशा जीर्ण वायरिंगची सुरक्षितता कोणी व कोणत्या निकषावर ठरवावी, या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. कायद्याने तपासणीचा भर मुख्यतः जोडणीच्या क्षणावर ठेवला, घरांची रचना १९९३ च्या भूकंपानंतर बदलली आणि तपासणीची जबाबदारी हळूहळू ग्राहकाकडे सरकली. परिणामी 'दिवा लागतो म्हणजे वायर चांगली' हाच लोकव्यवहारातील निकष बनला. हा निकष चुकीचा का आहे आणि त्याऐवजी कोणता निकष ग्राह्य धरावा, याची मांडणी येथे केली आहे.

बीजसंज्ञा : घरगुती वायरिंग, विद्युतरोधक आवरण, सर्व्हिस वायर, भारतीय विद्युत नियम १९५६, किल्लारी भूकंप, गळती.

प्रस्तावना

ग्रामीण विद्युतीकरणाचा इतिहास आपल्याकडे बहुधा खांब, रोहित्रे आणि विद्युतीकृत गावांच्या संख्येत लिहिला गेला. वीज गावात केव्हा आली याची नोंद सापडते. ती घरात कोणत्या वायरीने आली, ती वायर कशाला टांगली होती आणि पुढे तिचे काय झाले, याची नोंद सापडत नाही. वास्तविक सामान्य माणसाचा विजेशी प्रत्यक्ष संबंध येतो तो याच शेवटच्या काही मीटर अंतरात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार अलीकडच्या अनेक वर्षांत देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक मृत्यू झाले आहेत. यांतील सर्वच मृत्यू घरगुती वायरिंगमुळे होत नाहीत हे खरे. तथापि पावसाळ्यात कपडे वाळत घालताना, पत्र्याच्या भिंतीला हात लागून किंवा न्हाणीघराच्या दारात धक्का बसून झालेल्या मृत्यूच्या बातम्या मराठवाड्याला अपरिचित नाहीत.

जिल्ह्यात यासाठी एक बोलका शब्दप्रयोग रूढ आहे : 'पत्र्याला करंट उतरलाय.' या वाक्यात वीज जणू आपल्या मर्जीने वरून खाली येते. ती का उतरली, कोठून उतरली आणि उतरेपर्यंत कोणाच्याही लक्षात का आले नाही, हे प्रश्न त्यात नाहीत. प्रस्तुत निबंधाचा विषय हेच प्रश्न आहेत.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

१) घरगुती वायरिंगच्या सुरक्षिततेविषयीचे कायदेशीर निकष कालानुक्रमे पाहणे. २) धाराशिव जिल्ह्यातील घरांच्या बदलत्या रचनेचा बाह्य वायरिंगवर झालेला परिणाम समजून घेणे. ३) जीर्ण वायरिंगचा निवाडा करण्याच्या प्रचलित पद्धतींची चिकित्सा करणे. यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून नियम व विनियमांतील तरतुदी, भूकंपोत्तर पुनर्वसनाविषयीची प्रकाशित माहिती आणि लेखकाचे प्रत्यक्ष निरीक्षण यांचा आधार घेतला आहे.

१. नियमांचा आरंभ : आगीची चिंता आणि धक्क्याची चिंता

वायरिंगचे नियम जगात प्रथम आगीच्या भीतीतून जन्मले. १८८२ मध्ये लंडन येथील तार-अभियंत्यांच्या संस्थेने विद्युत प्रकाशामुळे उद्भवणारा आगीचा धोका टाळण्यासाठी पहिली नियमावली प्रसिद्ध केली. माणसाला बसणाऱ्या धक्क्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास त्यानंतर बऱ्याच काळाने झाला. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत चार्ल्स डाल्झिएल यांनी मानवी शरीरावरील प्रवाहाच्या परिणामांचे मोजमाप केले आणि काही मिलिअँपिअर इतका अल्प प्रवाहही स्नायूंना जखडू शकतो हे दाखवून दिले. हा क्रम ध्यानात घेणे आवश्यक आहे. फ्यूज हे आगीच्या चिंतेचे अपत्य आहे. ते वायरीला वाचवते. माणसाला वाचवणारे साधन त्यानंतर आले, आणि आपल्या अनेक घरांत ते अद्याप पोहोचलेले नाही.

भारतात १९१० चा भारतीय विद्युत अधिनियम आणि त्याखालील १९३७ चे नियम ब्रिटिश अमलाखालील प्रदेशासाठी होते. धाराशिव तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईला १९१५ मध्ये वीज मिळू लागली, त्या काळात मराठवाड्यातील खेडे रॉकेलच्या चिमणीवर होते. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. भारतीय विद्युत नियमही १९५६ चेच. पुढे १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. १९७१ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात परळी येथील औष्णिक केंद्राचा पहिला संच सुरू झाला. म्हणजे या जिल्ह्याच्या खेड्यांत वीज पोहोचण्यापूर्वीच तिच्या सुरक्षिततेचे नियम लिहून तयार होते. नियमांचा अभाव हे येथील समस्येचे कारण म्हणता येणार नाही.

या नियमांतील चार तरतुदी आपल्या विषयाशी थेट संबंधित आहेत. नियम ४५ अन्वये वायरिंगचे काम परवानाधारक ठेकेदाराने, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली करावयाचे होते. नियम ४८ अन्वये गळती ठरावीक मर्यादेपलीकडे असल्यास पुरवठादाराने जोडणीच द्यावयाची नव्हती. नियम ३३ अन्वये पुरवठादाराने ग्राहकाच्या जागेत, पुरवठा सुरू होतो त्या ठिकाणी, भूसंपर्कित टोक उपलब्ध करून द्यावयाचे होते. आणि नियम ४६ अन्वये जोडलेल्या प्रत्येक संचमांडणीची तपासणी व चाचणी पाच वर्षांपेक्षा अधिक नसलेल्या अंतराने निरीक्षकाने किंवा शासनाच्या निर्देशानुसार पुरवठादाराने करावयाची होती. वायर जीर्ण होते हे नियमकर्त्यांना ठाऊक होते, याचा पुरावा म्हणजे नियम ४६. तथापि दर पाच वर्षांनी कोणी घरगुती वायरिंग तपासून गेल्याचा अनुभव जिल्ह्यातील क्वचितच कोणी ग्राहक सांगेल. जोडणीच्या वेळचा 'टेस्ट रिपोर्ट' मात्र सर्वांच्या परिचयाचा आहे. व्यवहारात तो अर्जासोबतचा एक कागद ठरला. पाच वर्षांच्या चाचणीची जागा एका दिवसाच्या कागदाने घेतली, आणि येथूनच निकषाच्या घसरणीस प्रारंभ झाला.

२. माळवदाचे घर आणि वायर

जिल्ह्यातील जुने घर म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी खण आणि वर पांढऱ्या मातीचे माळवद. अशा घरात वीज आली तेव्हा वायर लाकडी पट्टीवर क्लिपांनी बसवली जाई. तुळई व खांब लाकडाचे असल्याने पट्टी ठोकायला जागा मिळे; मातीच्या भिंतीत मात्र खिळा टिकत नसे. त्यामुळे वायरिंग शक्यतो लाकडाच्या आश्रयाने, छताखालून जाई. प्रारंभीच्या वायरींना रबराचे आवरण आणि वर सुती वेष्टण असे. पुढे पीव्हीसीचे आवरण सार्वत्रिक झाले. ही रचना आगीच्या दृष्टीने निर्दोष नव्हती. परंतु वायर उन्हापावसापासून बव्हंशी सुरक्षित होती. गल्ल्या अरुंद होत्या, घरे एकमेकांना चिकटून होती, आणि एक-दोन दिव्यांपलीकडे विजेचा वापर नव्हता. बाहेर असे ती केवळ खांबापासून घरापर्यंतची सर्व्हिस वायर.

या सर्व्हिस वायरीचा आधार म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार, अर्थात बोलीतील 'जीआय तार'. एक टोक खांबाला, दुसरे घराच्या खुंटीला किंवा लोखंडी नळीला, आणि तिच्यावर गुंडाळलेली किंवा कड्यांनी अडकवलेली दुहेरी वायर, हे दृश्य आजही सर्वत्र दिसते. १९५६ च्या नियमांतील नियम ७९ येथे उद्बोधक आहे. इमारतीवरून जाणाऱ्या कमी व मध्यम दाबाच्या तारेस उभे अंतर २.५ मीटर आणि बाजूने आडवे अंतर १.२ मीटर ठेवावे; ते शक्य नसेल तेथे वाहक विद्युतरोधक आवरणाचा असावा आणि तो ठरावीक अंतरांवर भूसंपर्कित आधार-तारेस बांधावा, व त्या तारेची तुटण्याची क्षमता ३५० किलोग्रॅमपेक्षा कमी नसावी, असे त्यात म्हटले आहे. या तरतुदीतील कळीचा शब्द 'भूसंपर्कित' हा आहे. आधार-तार जमिनीशी जोडलेली असेल तर वायरीचे आवरण फाटून प्रवाह तारेत उतरताच त्यास जमिनीत जाण्याची वाट मिळते आणि दोष उघड होण्याची शक्यता वाढते. तीच तार खुंटीला नुसती पिळून बांधलेली असेल, तर ती महिनोन्‌महिने जिवंत राहू शकते आणि कोणाला कळतही नाही.

व्यवहारात तारेचे 'आधार' हे काम शिल्लक राहिले आणि 'भूसंपर्क' हे काम गळाले. उरलेल्या तारेचा तुकडा अंगणात कपडे वाळत घालण्यासाठी उपयोगात आला. काही घरांत तर सर्व्हिस वायरीची आधार-तार आणि दोरी यांची खुंटी एकच असते. ओले कपडे, ओले हात, अनवाणी पाय आणि ओलसर जमीन असे सर्व घटक तेथे एकत्र येतात. या अपघातांत स्त्रिया अधिक संख्येने का सापडतात, याचे उत्तर विद्युतशास्त्रापेक्षा घरकामाच्या वाटणीत शोधावे लागते.

३. १९९३ नंतरचे घर : वायर अंगणात आली

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने तत्कालीन उस्मानाबाद व लातूर जिल्ह्यांतील घराची कल्पनाच बदलली. सास्तूरसह उमरगा-लोहारा परिसरातील अनेक गावे उद्ध्वस्त झाली. हजारो माणसे ज्या दगड-मातीच्या भिंतींखाली आणि जड माळवदाखाली गाडली गेली, त्या बांधणीवरचा लोकांचा विश्वास उडाला. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली आणि विस्तृत प्रदेशातील लाखांहून अधिक घरांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणाचे काम हाती घेण्यात आले.

भूकंपाच्या इतिहासात या पुनर्वसनाची चर्चा पुष्कळ झाली आहे. वायरिंगच्या दृष्टीने ती झालेली नाही. नव्या गावठाणात रस्ते रुंद आणि भूखंड सुटे होते. घर भूखंडाच्या मधोमध व भोवती मोकळे अंगण, अशी रचना आली. जुन्या वाड्यात एका छताखाली असलेली न्हाणी, गोठा, बळद आणि स्वयंपाकघर यांतील बरेच काही आता मूळ घराबाहेर गेले. मिळालेले घर अपुरे पडू लागताच कुटुंबांनी अंगणात पत्र्याचे शेड घातले. पत्रा हलका, कोसळला तरी जीव घेत नाही, हा भूकंपातून शिकलेला धडा होता आणि तो बरोबरच होता. परंतु विजेच्या दृष्टीने पत्रा हा मोठा वाहक आहे. मातीची कोरडी भिंत प्रवाह सहजी पसरू देत नाही. पत्र्याच्या भिंतीला एका ठिकाणी उघडी वायर लागली तर संपूर्ण खोली, दार व कडीसकट, जिवंत होते. एका आपत्तीपासून संरक्षण देणाऱ्या साहित्याने दुसऱ्या धोक्यास असे अंगण मोकळे करून दिले.

या शेडपर्यंत वीज नेण्यासाठी ठेकेदार बोलावला गेला नाही. मूळ घराच्या सॉकेटमधून किंवा बोर्डाच्या मागून एक जोड काढला आणि घराच्या आत वापरावयाची साधी वायर अंगणावरून ओढून नेली. १९९४ ते १९९८ या काळात बसलेल्या अशा वायरींनी आता पंचवीस-तीस उन्हाळे पाहिले आहेत. किल्लारीनंतरच्या घरांचे वय आणि त्यांच्या बाहेरील वायरीचे वय एकच आहे, हे ध्यानात घेतले तर या प्रश्नाची निकड आजच का आहे ते स्पष्ट होईल.

४. जोडणी वाढली, वायर लांबली

जनगणनेनुसार महाराष्ट्रात प्रकाशासाठी वीज वापरणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण २००१ मध्ये सुमारे ७७ टक्के होते. २०११ मध्ये ते सुमारे ८४ टक्क्यांवर गेले. कुटीर ज्योती, २००५ ची राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना आणि २०१७ ची सौभाग्य योजना यांनी गरीब कुटुंबांपर्यंत वीज नेली. हे कार्य मोठे आहे आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि या योजनांचे मोजमाप जोडणीच्या संख्येने झाले. विद्युतीकृत गावाची व्याख्याच पाहावी : १९९७ पूर्वी गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली तरी गाव विद्युतीकृत मानले जाई, १९९७ मध्ये वस्तीतील वापराची अट आली, २००४ मध्ये किमान दहा टक्के घरांची आणि सार्वजनिक ठिकाणांची अट आली. प्रत्येक व्याख्या आधीच्या व्याख्येपेक्षा उजवी आहे, परंतु कोणत्याही व्याख्येत वायरीची अवस्था मोजलेली नाही.

एका दिव्यासाठी दिलेल्या जोडणीवर पुढे पंखा, दूरचित्रवाणी, मिक्सर, शीतकपाट आणि पाणी तापवण्याची सळई आली. वैयक्तिक शौचालये अंगणाच्या कडेला बांधली गेली आणि तेथपर्यंत आणखी एक वायर गेली. शेतवस्तीवर तर बांबूच्या किंवा बाभळीच्या मेढीवरून लांबवर वायर नेलेली दिसते. भारनियमनाच्या वर्षांनी यात एका घातक सवयीची भर घातली. वीज गेलेली असताना जोड मारायचा, कारण मुख्य स्विच बंद करण्याचे कष्ट वाचतात. वीज 'गेली' म्हणजे वायर 'मेली' असा समज त्यातून दृढ झाला. ती कोणत्याही क्षणी येऊ शकते, हे विसरले गेले.

५. जबाबदारीची सरकती सीमा

विद्युत अधिनियम, २००३ ने १९१० चा अधिनियम रद्द केला. ६ जून २००५ रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची विभागणी होऊन वितरणाचे काम स्वतंत्र कंपनीकडे गेले. पुरवठ्याच्या अटींनुसार ग्राहकाच्या जागेतील कटआउटच्या बाहेर पडणाऱ्या टोकापर्यंतची जबाबदारी वितरण परवानाधारकाची आणि त्यापुढील संचमांडणी ग्राहकाची. १९५६ च्या नियमांची जागा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षाविषयक विनियमांनी घेतली आणि त्यांची जागा २०२३ च्या विनियमांनी. या प्रवासात अधिसूचित दाबापर्यंतच्या संचमांडणीची तपासणी मालकाने करून स्वतः प्रमाणित करावी, अशी तरतूद आली.

कारखान्याच्या मालकाकडे अभियंता असतो; त्याच्यासाठी स्वयंप्रमाणन अर्थपूर्ण आहे. लोहारा तालुक्यातील अल्पभूधारकाने आपल्या अंगणातील वायर कशी प्रमाणित करावी? कायद्याने अधिकार दिला, पण निवाड्याचे साधन दिले नाही. तुलनेसाठी इंग्लंडचे उदाहरण पाहता येईल. तेथे २०२० च्या विनियमांनी खाजगी भाड्याच्या घरांतील वायरिंग किमान दर पाच वर्षांनी पात्र व्यक्तीकडून तपासून घेणे घरमालकावर बंधनकारक केले. पाच वर्षे हा कालावधी आपल्या नियम ४६ मध्येही होताच. तेथे तपासणीचा अहवाल भाडेकरूच्या हाती पडतो. आपल्याकडे ग्राहकाच्या हाती केवळ देयक पडते.

६. प्रचलित निकषांची चिकित्सा

घराबाहेरील वायर चांगली की वाईट, हे जिल्ह्यात सामान्यतः तीन प्रकारे ठरवले जाते.

पहिला निकष म्हणजे दिवा लागतो की नाही. दिवा लागण्यासाठी वाहक अखंड असणे पुरेसे आहे. आवरण अखंड असण्याची त्यास गरज नाही. संपूर्णपणे उघडी तारदेखील दिवा उत्तम पेटवते. हा निकष वायरीच्या उपयुक्ततेचा आहे, सुरक्षिततेचा नव्हे.

दुसरा निकष म्हणजे फ्यूज उडत नाही. याची मर्यादा साध्या आकडेमोडीने दाखविता येते. ओल्या शरीराचा रोध स्थूलमानाने १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला शरीरातून सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह जाईल. तो प्राणघातक ठरू शकतो. ५ अँपिअरच्या फ्यूजला मात्र तो एका दिव्याच्या भारापेक्षा फारसा वेगळा वाटत नाही. इतकेच नव्हे, पत्रा भूसंपर्कित असला आणि त्या भूसंपर्काचा रोध ५० ओहम असला, तरी गळतीचा प्रवाह ४.६ अँपिअर होईल. तेव्हाही ५ अँपिअरचा फ्यूज शाबूत राहील.

तिसरा निकष म्हणजे टेस्टर. पत्र्याला टेस्टर लावून दिवा न लागल्यास सर्व ठीक मानले जाते. टेस्टर त्या क्षणी त्या जागी दाब आहे एवढेच सुचवतो. कोरड्या दिवशी फाटलेले आवरण पत्र्यापासून बोटभर दूर असेल तर तो काहीच सांगणार नाही. उलट जवळून जाणाऱ्या वायरीच्या प्रभावामुळे तो मंद पेटूही शकतो. वायरीचे आरोग्य सांगण्याची त्याची क्षमता नाही.

याबाबत घरचाच एक अनुभव नमूद करणे अप्रस्तुत ठरणार नाही. लेखकाच्या गावाकडील घरी अंगणातल्या पत्र्याच्या न्हाणीकडे गेलेली एक वायर अनेक वर्षे होती. आषाढात एका सकाळी आईच्या हाताला दाराच्या कडीतून झिणझिण्या आल्या. गावातील वायरमनने टेस्टर लावून पाहिले, जोडावर नवी पट्टी गुंडाळली आणि 'आता काही नाही, काकू' असे सांगितले. दिवाळीच्या सुट्टीत एका परिचित विद्युत पर्यवेक्षकाने मेगर आणून वायर व पत्रा यांच्यामधील रोध मोजला. कोरड्या भिंतीवर आकडा मर्यादेत आला. त्यानंतर त्यांनी पत्र्यावर व वायरीवर बादलीभर पाणी ओतण्यास सांगितले आणि पुन्हा मोजले. तोच आकडा मर्यादेच्या खाली गेला. दोष पट्टी गुंडाळलेल्या जोडात नव्हताच. पत्र्याच्या छिद्रातून वायर आत शिरत होती तेथे कडेवर घासून आवरण कापले गेले होते. चार महिने घरातील सर्वजण त्याच कडीला हात लावत होते. ते वाचले ते पट्टीमुळे नव्हे. पाऊस ओसरला म्हणून.

७. ग्राह्य निकष : पाहणी, मोजणी आणि ऋतू

वरील अनुभवातील तत्त्व नियमांतही आहे. नियम ४८ च्या मूळ स्वरूपात गळती कमाल प्रवाहाच्या एक पंचसहस्रांशापेक्षा अधिक नसावी अशी मर्यादा होती. १० अँपिअरच्या संचमांडणीस ती २ मिलिअँपिअर होते. पुढे ५०० व्होल्टच्या चाचणीत किमान १ मेगओहम रोध ही अपेक्षा आली. २३० व्होल्टला १ मेगओहममधून जाणारा प्रवाह सुमारे ०.२३ मिलिअँपिअर एवढाच असतो. निकष असा अधिक कडक होत गेला. मात्र ही मोजणी बहुधा कोरड्या हवेत, नव्या वायरीवर आणि एकदाच होते. बाह्य वायरीचा खरा निवाडा भर पावसाळ्यात व्हावयास हवा.

मोजणीपूर्वी डोळ्यांनी करावयाची पाहणीही तितकीच मोलाची आहे. पीव्हीसी लवचीक राहते ती त्यात मिसळलेल्या मृदुकारक द्रव्यांमुळे; ऊन व उष्णता यांनी ती द्रव्ये उडून जातात आणि आवरण कडक होऊन तडकते. येथील उन्हाळ्यात तापमान चाळीस अंशांपलीकडे जाते आणि तापलेल्या पत्र्याला टेकलेली वायर त्याहून अधिक तापते. लाल वायर पांढुरकी पडणे, हातावर भुकटी येणे आणि वाकवताच बारीक भेगा दिसणे ही जीर्णतेची लक्षणे आहेत. ही परीक्षा अर्थातच मुख्य स्विच बंद करून, कटआउट काढून आणि कोरड्या हातांनी करावी. मीटरच्या अलीकडील सर्व्हिस वायर मुख्य स्विच बंद केल्यावरही जिवंत असते. तिला हात न लावता वितरण कंपनीला कळविणे एवढेच ग्राहकाचे काम. काळ्या आवरणातील काजळीमुळे ते उन्हास अधिक काळ तोंड देते; म्हणून घराबाहेर काळ्या बाह्यावरणाची वायर योग्य आणि आतील रंगीत वायर अयोग्य. तांबे व ॲल्युमिनियम यांचा नुसता पिळलेला जोड ढिला पडून तापतो. पत्र्यातून किंवा भिंतीतून वायर शिरते तेथे नळी आहे का, पाणी वायरीवरून ओघळून आत जाऊ नये म्हणून खाली झोल दिला आहे का, हेही पाहावे. भेगा पडलेल्या वायरीवर पट्टी गुंडाळणे ही दुरुस्ती नव्हे. एका ठिकाणी भेग दिसली तर तेच ऊन सोसलेली उरलेली वायरही त्याच अवस्थेत आहे असे मानून ती पूर्ण बदलणे हाच शहाणपणा.

या जिल्ह्यात भूसंपर्काचा प्रश्न ऋतूशी निगडित आहे. जमिनीचा रोध ओलाव्यावर अवलंबून असतो. १९७२, २०१२-१३ आणि २०१५-१६ यांसारख्या दुष्काळी वर्षांत पिण्याच्या पाण्याची भ्रांत असताना अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी कोण ओतणार? काळी माती वाळली की भेगाळते आणि धातूच्या नळीपासून सुटते. पावसाळ्यात याच्या उलट घडते. जमीन ओली, आवरण ओले आणि माणूसही ओला. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा व भूम तालुक्यांत अतिवृष्टीने घरांत पाणी शिरले तेव्हा दुष्काळी म्हणविणाऱ्या जिल्ह्यासही या दुसऱ्या टोकाचा प्रत्यय आला. म्हणूनच केवळ फ्यूज व अर्थिंग यांवर विसंबता येत नाही. जाणारा व परतणारा प्रवाह यांतील ३० मिलिअँपिअरचा फरक ओळखून क्षणार्धात पुरवठा तोडणारे गळतीरोधक उपकरण बाहेर जाणाऱ्या वायरीच्या आरंभी असणे आवश्यक आहे. अर्थिंग कमकुवत असतानाही, माणसाच्या शरीरातून जमिनीत प्रवाह जाताच ते कार्य करते. १९५६ च्या नियमांत नंतर घातलेल्या नियम ६१-अ ने अशा उपकरणाची सक्ती केली, परंतु ५ किलोवॅटखालील घरगुती जोडण्या तिच्यातून वगळल्या. ज्यांची वायर सर्वांत जीर्ण, त्यांनाच संरक्षण ऐच्छिक राहिले.

निष्कर्ष

१) धाराशिव जिल्ह्यातील बाह्य वायरिंगच्या समस्येचे मूळ नियमांच्या अभावात नसून, नियमांनी अपेक्षिलेली नियतकालिक तपासणी घरापर्यंत न पोहोचण्यात आहे.

२) १९९३ च्या भूकंपानंतर घर सुटे झाले, पत्रा आला आणि वायर छताखालून अंगणात आली. त्या काळातील वायरी आता एकाच वेळी जीर्णावस्थेत पोहोचल्या आहेत.

३) दिवा, फ्यूज व टेस्टर हे तिन्ही प्रचलित निकष आवरणाची अवस्था सांगत नाहीत. बाह्य वायरिंगचा निवाडा प्रत्यक्ष पाहणी आणि ओल्या अवस्थेतील रोधमापन यांवरच व्हावयास हवा.

४) तपासणीची जबाबदारी ग्राहकाकडे आली असेल, तर तपासणीचे साधनही त्याच्या आवाक्यात यावयास हवे.

या शेवटच्या निष्कर्षाच्या संदर्भात महाविद्यालयांची भूमिका विचारात घेता येईल. तालुक्याच्या ठिकाणच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वीजतंत्री व तारतंत्री हे अभ्यासक्रम आहेत. वरिष्ठ महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेची पथके आहेत. दत्तक गावातील शिबिर बहुधा हिवाळ्यात, कोरड्या दिवसांत भरते. त्याच गावी मृग नक्षत्रापूर्वी एकदा पाहणीसाठी आणि श्रावणात एकदा, परवानाधारक पर्यवेक्षकाच्या उपस्थितीत, मेगर घेऊन मोजणीसाठी जाता येईल. प्रत्येक घराची एका पानाची नोंद ठेवली, तर खांब व मीटर यांच्या आकड्यांत हरवलेल्या त्या शेवटच्या काही मीटर वायरीचा इतिहास प्रथमच लिहिला जाईल. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, अंगणातील दोरीवर ओले कपडे टाकण्यापूर्वी तार तपासलेली आहे एवढी खात्री घरातील बाईला देता येईल.